नऊ काड्यांची जुडी

गुरुवारी संध्याकाळी आईने तिसऱ्यांदा "नाही कळलं" म्हटलं आणि समोर शिकवत उभ्या मुलीच्या हातातला खडू मोडला. अर्धा तुकडा ओट्याखाली घरंगळत गेला, अर्धा चिमटीत राहिला. मोडायला तसं कारण नव्हतं, फळ्यावर दाब जरा जास्त पडला एवढंच. फळा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार. चार वर्षांपूर्वी, बत्तिसाव्या वर्षी, तिने विमा कचेरीतली नोकरी सोडून प्राथमिक शिक्षकाच्या पदवीला नाव घातलं, त्याच आठवड्यात आईने ते दार घासून काढलं आणि स्वतःच्या हाताने त्याला दोनदा काळा रंग दिला. "आता शिकव," म्हणाली आणि समोर बुटक्या स्टुलावर हाताची घडी घालून बसली. तेव्हापासून कॉलेजातला प्रत्येक सराव पाठ आधी या दारापुढे होत आला होता. वर्गात विद्यार्थिनी एकच. वय एकोणसाठ, हातमोज्यांच्या कारखान्यात तपासनीस. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, चहा पिऊन, बरोबर साडेसहाला ती हजर व्हायची आणि पाठ संपेपर्यंत मुलीला "बाई" म्हणायची, अगदी मनापासून. थट्टा मध्येच कधीतरी यायची. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणायची, "बाई, हिने मला चिमटा काढला."

"आई, दुसरीतलं पोरसुद्धा एव्हाना हो म्हणालं असतं."

"म्हणालं असेल. मला नाही कळलं. परत सांग."

टेबलावर आइसक्रीमच्या काड्या होत्या. दहा-दहांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या. बेचाळीस वजा सतरा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडवायची, दहा काड्या सुट्यांत मिळवायच्या, बारातून सात काढायच्या. तिच्या पाठ टाचणात हे सगळं दोन रकान्यांत नीट लिहिलेलं होतं. डावीकडे शिक्षकाची कृती, उजवीकडे विद्यार्थ्यांचे अपेक्षित उत्तर. 'आता सुट्या काड्या किती झाल्या?' समोर 'बारा'. 'शाबास' हेही डावीकडे लिहिलेलं होतं. आईची उत्तरं उजव्या रकान्यात कधीच बसत नसत.

"सोडवायच्या आधी किती होत्या?" आईने विचारलं.

"बेचाळीस."

"आणि सोडवल्यावर?"

"बेचाळीसच की."

"मग सोडवली कशाला? तेवढंच राहायचं होतं तर बांधलेली काय वाईट होती?"

"अगं, वजाबाकी करायचीय म्हणून."

"ती तर मला येते. सतराचे वीस तीन, विसाचे चाळीस वीस, वर दोन. पंचवीस. उत्तर येतं मला, बाई. सोडवली का ते नाही कळलं."

तिने ओट्याखालून खडूचा तुकडा काढला. वाकताना तिला वाटलं की ही मुद्दाम करते. आणि लगेच हेही कळलं की मुद्दाम करत नाही, आणि तेच जास्त छळणारं होतं. कॉलेजात तिच्या वर्गातली मोठी माणसं सूक्ष्म पाठाच्या वेळी मुलं होऊन बसायची. तोतरं बोलायची, नाकात बोट घालायची, "बाई शूला जाऊ" म्हणून हशा मिळवायची आणि पाचव्या मिनिटाला सगळी शहाण्यासारखी बरोबर उत्तरं द्यायची, कारण उद्या त्यांचा पाठ असणार आणि तेव्हा हीही मूल होऊन बसणार. तिथे सगळा मामला एकमेकांना सांभाळून घेण्याचा. आईला नाटक येतच नव्हतं. तिला जिथे कळत नसे तिथे ती थांबे, एखाद्या हातमोज्यात हात घालून प्रत्येक बोटाची शिवण आतून चाचपावी तशी, आणि टोचलं की म्हणे, इथे आहे काहीतरी. सव्वीस वर्षं तिने तेच काम केलं होतं. बाहेरून कातडं बघायला दुसऱ्या बायका होत्या. हिचं काम आतलं, अस्तराचं.

"उद्या परत घे माझा तास," आई उठत म्हणाली. "आज तुझं डोकं जाग्यावर नाही. आणि या जुड्या घट्ट हव्यात का सैल ते सांग. बत्तीस करायच्यात म्हणालीस ना?"

"आठ गट. चार-चार. घट्टच कर, नाहीतर पिशवीत सुटतात."

"मोजून घेशील ना एकदा?"

"तू केल्यावर काय मोजायचं?"

आईने तिच्याकडे बघितलं. हसली की नाही हे तिला नंतर कितीही ताण दिला तरी आठवेना. आठवायची ती आईची बोटं. करड्या इलॅस्टिकच्या पट्टीचे, मोज्याच्या मनगटाला लावतात त्या पट्टीचे, कारखान्यातून आणलेले तुकडे, त्यांची टोकं जुळवून आई सुईने एकेक कडं शिवत होती. खिडकीखालून पाण्याचा टँकर मागे घेताना वाजतो तसा एकसुरी आवाज येत होता. वरच्या मजल्यावरची बाई कोणाला तरी "आधी चपला काढ" म्हणत होती. भात शिजल्याचा वास होता. तो शेवटचा साधा दिवस होता, आणि त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती की मला टाचण पुरं करायचंय, तू जरा तो पंखा लहान कर.

शुक्रवारी दुपारी कॉलेजात फोन आला. तपासणीच्या टेबलावरच आईच्या पाठीत काहीतरी फाटल्यासारखं दुखलं आणि ती खाली बसली. कारखान्याच्या गाडीने दवाखान्यात नेलं. ती पोचली तेव्हा आई खाटेवर होती, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, आणि वर पडद्यावर हिरवे आकडे. चेहरा कागदासारखा, पण शुद्ध पुरती. "टेबलावर माझा डबा राहिला," ती म्हणाली. मग डॉक्टर मुलीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. उंच, चष्मेवाले, वयाने तिच्याहून लहानच. त्यांच्या हातात तीन कागद होते आणि मागे दोन माणसं त्यांची वाट बघत होती. ते बोलले. चांगली पाच मिनिटं बोलले, घाई न करता, तिच्या डोळ्यांत बघून. महाधमनी म्हणाले. डिसेक्शन म्हणाले. टाइप बी म्हणाले, आणि म्हणून त्यातल्या त्यात बरं, असंही. रक्तदाब खाली आणतोय, शस्त्रक्रियेची जोखीम या वयात अमुक, न करण्याची तमुक, चोवीस तास बघू. प्रत्येक शब्द तिच्या कानावर नीट पडला. ती वाचणारी बाई होती. घरात पुस्तकांची दोन कपाटं होती आणि महाधमनी हा शब्द तिला शुद्ध लिहिता आला असता. फक्त एका वाक्याचा दुसऱ्याशी सांधा लागत नव्हता. काय फाटलंय, कुठे, त्याने आत काय होतंय, आई मरेल की नाही, यातलं काही तिला समजलं नव्हतं.

"कळलं ना?" डॉक्टर म्हणाले. "काही विचारायचंय?"

"नाही. कळलं."

तिने मानही हलवली. दोनदा.

ही मान तिला पुढे अकरा दिवस दिसत राहिली. बाहेरून, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे आणि आपण मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलोय. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात पद्धतीच्या मॅडमनी फळ्यावर 'कळलं का?' असं लिहून त्यावर फुली मारली होती. बारीक आवाजाच्या, कायम पांढऱ्या बुटात असणाऱ्या या मॅडम त्यांना शिकवण्याच्या पद्धती शिकवत. "जो शिक्षक वर्गाला हे विचारतो त्याला उत्तर नको असतं, सुटका हवी असते," त्या म्हणाल्या होत्या. "चाळीस मुलं हो म्हणतील. त्यातल्या दहांना कळलेलं असतं, दहांना मधल्या सुट्टीची घाई असते आणि वीस घाबरलेली असतात. त्याऐवजी विचारा, कुठपर्यंत कळलं? आणि मग गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. पाच फार मोठे असतात, बघा तुम्ही." तिने हे लिहून घेतलं होतं. घरी येऊन आईला सांगितलंही होतं. आई म्हणाली होती, "बरोबर आहे. आमच्याकडे सुपरवायझर विचारतो, माल ठीक आहे ना? सगळ्या म्हणतात ठीक. म्हणून तर तो चोरजोडी घालतो." चोरजोडी म्हणजे दोन्ही डाव्या हाताचे मोजे. तपासायच्या ढिगात सुपरवायझर अशी एखादी जोडी गुपचूप सरकवून ठेवी, तपासणारी जागी आहे का झोपेत हात चालवतेय ते बघायला. त्याची त्याला ओळखू यावी म्हणून आत, अस्तराला, लाल दोऱ्याचा एक टाका. सव्वीस वर्षांत आईच्या हातून एकच निसटली होती, आणि ती ज्या वर्षी निसटली ते वर्ष, तो महिना आईला पाठ होता. तिच्या वडिलांना जाऊन तेव्हा पंधरवडा झाला होता. ती बारा वर्षांची होती.

पण खरी बोचणारी गोष्ट मान नव्हती. मान तर डॉक्टरांसमोर हलली. व्हरांड्यातून आत आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. रक्तदाब आहे. आराम करायचा."

"एवढा वेळ तेवढंच बोलत होते?"

"बरंच काय काय म्हणाले."

"म्हणजे काय झालंय मला? आत काय झालंय?"

आईचा आवाज तोच होता, स्टुलावरचा. न घाबरलेला, हट्टी, शिवण चाचपणारा. परत सांग म्हणणारा. आणि तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. रिकाम्या हाताने फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं तिला झालं, आणि ती म्हणाली,

"तुला नाही कळायचं ते, आई."

आई थोडा वेळ वरच्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, बाई." आणि डोळे मिटून घेतले. शनिवारी सकाळी ती खालून चहा घेऊन वर आली तेव्हा खाटेभोवती माणसं होती आणि पडदा ओढलेला होता. चहाचे दोन कप तिने कुठे ठेवले ते तिला आजही सांगता येणार नाही.

मावशी येऊन राहिली. आईची धाकटी बहीण. बोलकी, घाबरट, हाताला सतत काम हवं असलेली. तिने दोन दिवसांत घर धुऊन काढलं आणि तिसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन कपाटाच्या दाराकडे वळली. त्यावर गुरुवारची वजाबाकी तशीच होती. बेचाळीस, त्याखाली सतरा, आणि जिथे खडू मोडला तिथे एक ओरखडा.

"ते राहू दे, मावशी."

"अगं, किती खडू उडतोय. भांड्यांत जातोय."

"जाऊ दे भांड्यांत."

मावशीने फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. जरा वेळाने म्हणाली, "चिमे, ती परीक्षा पुढे ढकल गं. कोणी काही म्हणणार नाही. माणूस गेलंय घरातलं." लहानपणापासून घरात तिला चिमी म्हणत, आता छत्तिसाव्या वर्षीही. पद्धतीच्या मॅडमनीही तेच म्हटलं होतं, फोनवर, हळू आवाजात. अंतिम पाठ पुढच्या सत्रात देता येईल, नियम आहे, अर्ज मीच लिहून देते. ती दोघींनाही नाही म्हणाली. का, हे तिला सांगता आलं नसतं. आईची इच्छा वगैरे तिच्या मनात नव्हतं, असली वाक्यं तिला पुस्तकातसुद्धा सोसत नसत. तिला एवढंच ठाऊक होतं की टाचण लिहून झालंय, जुड्या तयार आहेत, वर्ग ठरलाय, आणि एकदा का हे दार पुसलं की ती परत कधी फळ्यासमोर उभी राहणार नाही. विमा कचेरीत जाईल. तिथे एक खुर्ची कधीही मोकळी असते. म्हणून ती रोज साडेसहाला दारासमोर उभी राहिली. समोर रिकामं स्टूल. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी तिने टाचण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हटलं आणि प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजले. पाच खरोखरच फार मोठे होते. तिसऱ्या दिवशी मावशी हात पुसत आली आणि स्टुलावर बसली.

"मी बसू का? मला काही येत नाही हं."

"बस."

मावशी फार गुणी विद्यार्थिनी निघाली. प्रत्येक प्रश्नाला "बारा", "हो", "कळलं" म्हणत गेली, डोळे पुसत, मान हलवत. पाठ अकरा मिनिटांत संपला. टाचणातलं एकूण एक अपेक्षित उत्तर मिळालं, आणि ती त्या संध्याकाळी जितकी एकटी पडली तितकी आई गेल्यापासून पडली नव्हती.

बत्तीस जुड्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. गुरुवारी जेवणानंतर आईने त्या पुऱ्या केल्या असणार. तिने झाकण उघडलं, वरच्या जुड्यांवरून हात फिरवला आणि बंद केलं. टाचणाच्या शेवटच्या पानावर 'साहित्याची पूर्वतपासणी' असा चौकोन होता. त्यात तिने बरोबरची खूण केली.

अंतिम पाठाच्या दिवशी दुसरीच्या वर्गात एकतीस मुलं होती, एक गैरहजर. मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या, एकीवर मॅडम, दुसरीवर बाहेरून आलेले परीक्षक. त्यांना सर्दी झाली होती आणि ते मोठ्या रुमालात नाक पुसत होते. वर्गाला ओल्या दप्तरांचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. तिने डबा उघडला, गटागटांत जुड्या वाटल्या, फळ्यावर बेचाळीस आणि त्याखाली सतरा लिहिलं. खडू मोडला नाही. तिचा आवाज तिला परका वाटला, पण स्थिर होता. पहिली सात मिनिटं टाचणाप्रमाणे गेली. दोनातून सात जातात का? नाही. मग काय करूया? जुडी सोडवूया! आठ गटांत आठ इलॅस्टिकं निघाली. एका पोराने ते मनगटात घातलं, दुसऱ्याने कानावर अडकवलं.

"आता तुमच्या सुट्या काड्या किती झाल्या?"

"बारा!" वर्ग म्हणाला.

त्या 'बारा'च्या शेपटाला, खिडकीकडच्या गटातून, अगदी बारीक आवाजात "अकरा" आलं.

कोपरावर खपली धरलेली एक मुलगी होती. समोर काड्या ओळीने मांडून बसली होती, प्रत्येकीवर बोट ठेवून. तिच्या गटातल्या दुसरीने तिला कोपरखळी दिली. "ए, बारा गं. दहा आणि दोन बारा. एवढं पण येत नाही?" सगळा वर्ग वळून बघायला लागला. मुलीने काड्यांकडे बघितलं, मग वर्गाकडे, मग वर, बाईंच्या तोंडाकडे. आणि मान हलवली. दोनदा.

"बारा," ती म्हणाली.

टाचणात पुढे 'शाबास' होतं. मागे परीक्षकांनी घड्याळ बघितलं. एक क्षण तिला फक्त इलॅस्टिकचा उग्र वास आला, आणि त्या मानेपलीकडे दुसरं काही दिसेना. ही मान तिच्या ओळखीची होती. बोटाखाली एक गोष्ट आहे आणि समोरचा मोठा माणूस दुसरीची वाट बघतोय, तेव्हा हलते ती. ती दोन बाकांमधून खिडकीपाशी गेली आणि फरशीवर बसली. तिचं तोंड आता मुलीच्या तोंडाच्या जरा खालीच आलं.

"तू आधी काय म्हणालीस?"

"बारा."

"त्याच्या आधी."

मुलगी गप्प. ती मनात मोजत राहिली. एक, दोन, तीन. चौथ्याला मुलगी म्हणाली, "अकरा झालं होतं माझं. पण चुकलं."

"परत मोज. मोठ्याने. मला ऐकायचंय."

मुलीने मोजलं. सोडवलेल्या जुडीतल्या काड्या नऊ होत्या. नऊ आणि दोन अकरा. गटातल्या दुसरीने हिसकावून मोजल्या. नऊ. बाकाखाली डोकी गेली, दप्तरं झटकली गेली, पण खाली काही पडलेलं नव्हतं.

"मग चूक कोणाची?" तिने विचारलं.

मग मागून कोणीतरी धीर करून म्हणालं, "बाईंची!" आणि हशा पिकला. मॅडमनी मान खाली घातली.

"बाईंची," ती म्हणाली. "मी मोजल्याच नव्हत्या. बघितल्याबरोबर दहा धरून चालले. हिने मोजल्या." ती उठली, फळ्याकडे गेली, बेचाळीसातले दोन पुसले आणि तिथे एक लिहिला. "आपल्याकडे बेचाळीस नाहीतच. या गटाकडे एक्केचाळीस आहेत. आता यातून सतरा काढायच्या. पण त्याआधी मला एक सांगा. सोडवायच्या आधीही एक्केचाळीस, सोडवल्यावरही एक्केचाळीस. मग सोडवली कशाला?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. त्याच्यासमोर अपेक्षित उत्तरही नव्हतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. ती गप्प राहिली. पाचाचे दहा झाले. रुमालवाले परीक्षक नाक पुसायचे थांबले. मग खपलीवाली मुलगी, आता जरा मोठ्या आवाजात, काड्यांकडे बघतच म्हणाली,

"बांधलेल्यातून काढता येत नाहीत ना, बाई. आणि सोडवली म्हणून तर कळलं, नऊच आहेत."

घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला. ती काड्या गोळा करत होती. परीक्षक पुढे आले. "ती नऊची जुडी," ते म्हणाले, "मुद्दाम ठेवली होतीत? युक्ती म्हणून? टाचणात कुठे उल्लेख नाही."

हो म्हणायचं होतं फक्त. मानही पुरली असती.

"नाही," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मोजल्या नव्हत्या. पूर्वतपासणीची खूण मी खोटी केली."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी खिडकीबाहेर. मग ते वहीत काहीतरी लिहून म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या वर्गात जाल तेव्हा मोजून घेत जा," आणि शिंकले. तुमच्या स्वतःच्या वर्गात, हे शब्द तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मॅडमनी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही विचारलं नाही.

खिडकीकडच्या बाकावर इलॅस्टिक पडलं होतं. तिने ते उचलून आईच्या सवयीने उलटं केलं. आतल्या बाजूला, जोडाच्या शिवणीपाशी, लाल दोऱ्याचा एक टाका होता. तिने डब्यातली बाकीची सगळी इलॅस्टिकं उलटी करून पाहिली, बाकावर बसून, एकेक. एकतीसांत टाका नव्हता. मोजून घेशील ना एकदा, आई म्हणाली होती. म्हणजे हसलीच होती ती.

तिला रडू आलं नाही. उलट डोकं इतकं लख्ख झालं की फळ्यावरचा खडूचा कणन् कण दिसावा. तिने डबा पिशवीत टाकला आणि बस पकडून सरळ दवाखान्यात गेली. बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी घेतली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंट कोण?" ती म्हणाली, "मीच समजा." बाकड्यावर दीड तास बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला दोनदा विचारलं, तुमचा नंबर गेला का, आणि तिने दोनदा सांगितलं, नाही, अजून नाही. मग नंबर आला. डॉक्टर तेच, चष्मा तोच. त्यांनी तिला लगेच ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा ते खुर्चीत जरा मागे सरकले.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "त्या शुक्रवारी तुम्ही व्हरांड्यात मला सगळं समजावलंत. मग विचारलंत, कळलं ना. मी हो म्हणाले."

"हो. आठवतंय."

"मला कळलं नव्हतं. काहीच. परत सांगा."

"तुम्ही तेव्हा विचारलं असतंत तरी उपचार हाच झाला असता," ते हळूच म्हणाले. "त्याने काही बदललं नसतं."

"ते नाही विचारत मी. काय झालं होतं ते सांगा. आत काय झालं होतं."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग एक कागद पुढे ओढला आणि पेनाने दोन समांतर रेघा काढल्या. ही हृदयातून निघणारी मोठी नळी. हिची भिंत एकसंध नसते, थरांची असते. बाहेरचा थर दणकट. आतला पातळ, गुळगुळीत. तुमच्या आईच्या आतल्या थराला इथे, पाठीच्या बाजूला, चीर गेली. रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मधे शिरलं आणि त्यांना एकमेकांपासून सोडवत खाली खाली गेलं. बाहेरून काही दिसत नाही. त्यांनी रेघांच्या मधे पेन फिरवलं, आणि पुन्हा फिरवलं, आणि थांबले. "कुठपर्यंत कळलं?" त्यांनी विचारलं.

ती कागदाकडे बघत होती. तिला कागद दिसत नव्हता. तिला एक हात दिसत होता, कातड्याच्या मोज्यात मनगटापर्यंत गेलेला, पाच बोटं आतून चाचपणारा.

"म्हणजे अस्तर उसवलं," ती म्हणाली. "आतून अस्तर उसवलं, आणि ते अस्तराच्या आणि कातड्याच्या मधे गेलं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "अगदी तसंच."

बाहेर कोणीतरी पुढचा नंबर पुकारला. ती उठली नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून, प्रत्येक शब्द वेगळा काढून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"हे तिला कळलं असतं. तुमच्या-माझ्या आधी कळलं असतं. तिने मला विचारलं होतं, आत काय झालंय, आणि मी तिला म्हणाले, तुला नाही कळायचं. मला कळलं नव्हतं, आई. मला."